माणूस बसवून मोजा

आमच्या धंद्यात रिकामी सीट कुणी मोजत नाही. टेप रिकाम्या सीटवर टाकलात तर कव्हर पहिल्याच आठवड्यात शिवणीवर फाटतं. माणूस बसला की गादी दबते, कडा फुगतात, आणि खरं माप तेव्हा कळतं. मी गाड्यांची सीट कव्हरं शिवण्यात चौतीस वर्षं घालवली. नवरा गेल्यावर बावीस वर्षं एकटीने दुकान चालवलं. शाळा तिसरीपर्यंतची, पण गाडीच्या आत डोकं घातलं की तिच्यात किती माणसं सुखाने बसतील आणि किती कोंबली जातील, ते मला कागद न वाचता कळतं. माझ्या मुलाचं सगळं शिक्षण लोकांच्या बुडाखालच्या कापडावर झालं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तो विसरलाय.

झालं असं की दोन नातींच्या पाठीवर सुनेला पुन्हा दिवस गेले आणि डॉक्टरीण म्हणाली, जुळी आहेत. मोठी नात नऊ वर्षांची, धाकटी पाच. मुलगा, सून आणि मी. आहे त्या गाडीत पाचजण चेपून बसत होतो, आता होणार सात. नवी गाडी घ्यायची ठरलं. ठरलं म्हणजे मुलाने ठरवलं, आणि मला बोलावलं ते नाती सांभाळायला.

मी घरातच म्हटलं होतं, "मिनीव्हॅन घे. सरकतं दार, रुंद पोट, मधून चालायला वाट."

"आई, तो डबा आहे डबा. शाळेची पोरं सोडायला जातोय असं वाटतं."

"मग तू काय सोडायला जाणार आहेस? हत्ती?"

नाती हसल्या. तो नाही हसला. त्याच्या ऑफिसातल्या साहेबाने जीपसारखी उंच क्रॉसओव्हर गाडी घेतलीय, तेव्हापासून ह्याचीही मान उंच झालीय.

शोरूममध्ये क्रॉसओव्हर दाराशीच उभी होती, पुसून चकचकीत. मिनीव्हॅन पार मागे, फायलींच्या कपाटाशेजारी, जणू नवऱ्यामुलासमोर आणायची नाही अशी थोरली बहीण. गळ्यात टाय बांधलेला एक तरतरीत पोरगा पुढे आला. "या आजी, सात सीटर आहे, एकदम ऐसपैस!"

"आजी मी ह्या दोघींची. तू मावशी म्हण. आणि ऐसपैस आहे का ते मी सांगते."

"आई, झालं तुझं सुरू," मुलगा दातांतल्या दातांत म्हणाला.

सून सातव्या महिन्यात, कमरेवर हात ठेवून खुर्चीत बसली होती. गप्प. तिच्या गप्प बसण्याचा मला राग येत होता. दोन आठवडे गाडीचा विषय निघाला की ती माझ्याकडे बघून मान खाली घालायची. मला वाटलं, हे क्रॉसओव्हरचं खूळ हिच्याच डोक्यातलं. लपवत नाही, मला तसंच वाटलं होतं.

"तान्ह्यांच्या दोन सीटा आण," मी टायवाल्याला म्हटलं. "दाखवायला ठेवल्यात त्या. मधल्या रांगेत बसव."

त्याने दोन्ही बाजूंना एकेक घट्ट बसवली. मधे उरलेल्या जागेवर मी हात ठेवला. एक वीत आणि चार बोटं.

"इथे कोण बसणार? मांजर?"

"मावशी, एक नात बसेल की. दुसरी मागे, आणि तुम्हीपण मागे! तिसरी रांग आहे ना."

"मग जाऊ दे मला मागे. एक काढ."

एक सीट निघाली, मधली खुर्ची पुढे झुकली आणि मी गुडघ्यांना शिव्या देत आत शिरले. मागे बसले तर गुडघे हनुवटीला. छत डोक्याला लागत होतं. शिवण मात्र चांगली होती, खोटं कशाला बोलू.

"आता बसव परत. पट्टा ओढून. जुळी झोपलीत असं समज."

त्याने बसवली. मुलगा मोबाइल बघत होता. मी हाक मारली. "अरे ए! उतरव मला."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी थांबली. मला उतरायचंय. तान्ह्यांना उठवायचं नाही. उतरव."

तो आला, वाकला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मागचं दार उघडून म्हणाला, "इकडून ये, पाठीवरून."

"मी गाठोडं आहे का? सामानाच्या दारातून ओढायला?"

लोक बघायला लागले. पलीकडे एक जोडपं गाडी बघत होतं, ते थांबलं. टायवाला घाम पुसत होता. मुलाचे कान लाल झाले आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आई, तमाशा बंद कर! तुला मागे बसायचंच कुठंय? आम्ही तुला धरलंच नव्हतं!"

धरलंच नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहाजण धरले होते. नवरा, बायको, दोन मुली, दोन जन्माला यायची. ज्यांचे नाकडोळे अजून कुणी बघितले नाहीत त्यांची जागा ठरली होती. माझी नव्हती.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सून उठली होती.

"धरलं नव्हतं म्हणजे?" ती नवऱ्याला म्हणाली. "तू तर म्हणालास आईच नको म्हणाल्या. गाडीत मळमळतं, मी घरीच राहीन, तुम्ही जात जा, असं त्याच म्हणाल्या म्हणून सांगितलंस मला!"

"मला? मळमळतं?" मी गाडीच्या आतून ओरडले. "अरे, आयुष्यभर गाड्यांच्या पोटात आडवी होऊन टाके घातले मी! भर उन्हात, बंद काचा! तेव्हा नाही मळमळलं ते आता?"

"मला वाटलं, तुझे गुडघे... तुला त्रास नको..."

"माझ्या गुडघ्यांना विचारलंस? का मला?"

सून म्हणाली, "दोन आठवडे मी ह्यांच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते. वाटलं, माझ्यावर रुसून नाही म्हणतायत. आणि तू गंमत बघत होतास?" तिचा आवाज चिरकला. "साहेबासारखी गाडी हवी म्हणून आईला मळमळवलंस?"

धाकटीने मोठीला विचारलं, "बाबा खोटं बोलले?" मोठी म्हणाली, "हो. गप्प बस."

टायवाला सीट काढायला पुढे आला. "तू नको," मी म्हटलं. "ह्याने काढायची."

त्याला सीट सोडवायचा खटका सापडेना. पट्टा उलट ओढत बसला. शर्ट पाठीला चिकटला. मी बघत बसले. एक शब्द मदतीचा बोलले नाही. सीट निघाली तेव्हा त्याने हात पुढे केला. मी टायवाल्याचा हात धरून उतरले.

"चूक झाली," तो म्हणाला.

"चूक कापडाची होते. वाकडं कापलं तर ती चूक. तू माझ्या तोंडात न बोललेले शब्द शिवलेस. ते उसव. आत्ता. हिच्यासमोर, पोरींसमोर."

"आई, इथे सगळे..."

"धरलं नव्हतं हे सगळ्यांसमोरच सांगितलंस ना?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आई नको म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंच नाही."

"ऐकू नाही आलं," सून म्हणाली. त्या क्षणी ती मला पहिल्यांदा माझ्या घरातली वाटली.

त्याने परत सांगितलं, मोठ्याने.

मग आम्ही कपाटाजवळच्या मिनीव्हॅनकडे गेलो. तान्ह्यांच्या सीटा मधल्या रांगेत दोन टोकांना लावल्या. दार सरकलं, मी पाय उचलला आणि दोन्हींच्या मधे बसले, कुणाचा हात न धरता. त्याआधी मधली खुर्ची दुमडून झालेल्या वाटेने पोरी मागे गेल्या होत्या. सून पुढे बसली. तो बाहेरच उभा.

"बस," मी म्हटलं. "माणूस बसल्याशिवाय मोजत नाहीत."

तो स्टिअरिंगवर बसला. आठ जागा होत्या, एक रिकामी राहिली. त्याने आरशातून माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "एक उरली, आई."

"राहू दे. तिथे तुझी ऐट बसव. पट्टा लाव तिला."

सून खळखळून हसली. मी नाही हसले.

गाडी घरी येऊन तीन महिने झाले. जुळीही आली, दोन्ही मुलगे, रडतात ते छप्पर उडवून. मुलगा आता स्वतः सरकतं दार उघडतो, "बस ना, आई" म्हणतो, आवाजात साखर. मी बसते. एका हाताने एकाला थोपटते, दुसऱ्याने दुसऱ्याला. नातींशी बोलते, सुनेशी बोलते. त्याच्याशी कामापुरतं. सून म्हणते, "आई, सोडा आता." सोडेन, माझ्या मनाने सोडेन. तोवर त्याने आरशात माझा चेहरा बघत गाडी चालवावी.