ऑरिनच्या गाडीतली सासूबाई

मी एक छोटा डबा आहे, मित्रांनो. साबणाच्या वडीएवढा. मला पाय नाहीत, पण दुसऱ्याचा पाय मी आवरतो. गाडी जोरात हाकून जो कोर्टात पोचतो, त्याच्या गाडीत मला बसवतात. कुठल्या रस्त्याला किती वेग, ते मला ठाऊक असतं. मग कितीही दाबा, गाडी त्याच्या वर जात नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट ऑरिन हॉगनच्या पिकअपमध्ये. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावरचा हा सुतार. बेटावरच्या लोकांना एक खोड. धक्क्यावर गाड्या पलीकडं नेणाऱ्या बोटीचा भोंगा झाला की उतारावर गाड्या उधळायच्या. त्यात ऑरिन सगळ्यांच्या पुढं. इतक्यांदा धरला गेला की जज्जबाई म्हणाल्या, लायसन इथं ठेव, नाहीतर डबा बसव. पण त्याला सलत होतं ते वेगळंच. लेक मारिट छोट्या टिलीला आजोबाच्या गाडीत बसू देईना.

ऑरिननं माझं नाव ठेवलं सासूबाई. रोज शिव्या. मी गप. एका सकाळी भोंगा झाला, त्यानं पाय रेटला, मी बधलो नाही. बोट डोळ्यांदेखत सुटली. पुढची येईस्तोवर रांगेत थांबणं आलं. बघतो तर लोक गाड्यांतून उतरून गप्पा हाणतायत, कुत्री फिरवतायत. मागच्याच गाडीत मारिट, तिचीही बोट चुकलेली. टिली पळत येऊन आजोबाशेजारी बसली आणि त्याचा डोनट खाऊन मोकळी झाली.

मारिट खिडकीशी आली. "उभ्या गाडीत बसू दे. चालत्या गाडीचं नंतर बघू."

"पळवतो कुठं?" ऑरिन म्हणाला. "सासूबाई बसल्यात ना."

तेव्हापासून तो मुद्दाम लवकर निघून रांगेत बसायला लागला. डोनट दोन आणायचा. फार सुखाचे दिवस गेले माझे.

मग जज्जबाईंनी घातलेली मुदत संपली. धक्क्याकडच्या चढावरल्या गॅरेजात मला काढून बाकावर ठेवलं. मारिट टिलीचा हात धरून दारात उभी. तेवढ्यात भोंगा झाला.

"बाबा, आता सासूबाई नाहीत हं," ती म्हणाली.

ऑरिननं किल्ली उचलली. एकटाच गाडीत बसून उताराला लागला.

मी कान लावून बसलो. त्या इंजिनाचा श्वास न् श्वास माझ्या ओळखीचा. आवाज चढला नाही. बोट सुटली, तरी चढला नाही. गाडी सावकाश रांगेत जाऊन उभी राहिली. तशी मारिटनं आपल्या गाडीतली टिलीची पट्ट्यांची छोटी खुर्ची सोडवली, काखेत मारली, आणि दोघी आजोबाच्या गाडीकडं उतार उतरू लागल्या.

आता मला दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसवतील. तोही शिव्या देईल, देऊ दे. तुम्ही मात्र घरातल्या मोठ्यांना एवढं सांगा, मित्रांनो, की बोट दुसरी येते.