पुढचा सप्टेंबर

मला जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही शहाणपण मी केलं, ते या एका वाक्याला घाबरून केलं.

गेल्या हिवाळ्यात बेडशाची लेणी बघायला व्हिएतनामहून वीसेक माणसं आली होती. मी कामशेतच्या एका शाळेत हंगामी इंग्रजी शिकवते आणि रविवारी पाहुण्यांना आमच्या गावची लेणी दाखवते. त्या घोळक्यातल्या एक बाई मुख्याध्यापिका निघाल्या. पायऱ्या उतरताना म्हणाल्या, तीन महिने आमच्याकडे शिकवायला या. मला वाटलं, दम लागलाय म्हणून गोड बोलतायत. पण जुलैत खरंच मेल आला. सप्टेंबर ते नोव्हेंबर, राहणं-जेवण त्यांचं, परवानगीचे कागद तेच बघणार. शिकवण्याचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल. यंदा जमत नसेल तर पुढच्या सप्टेंबरात या.

'नसेल तरी चालेल' वाचून खरं तर उड्या मारायच्या. मी मात्र तिथेच अडकले. तळेगावच्या माझ्या मैत्रिणीने, अपूर्वाने, त्या प्रमाणपत्राचा कोर्स केलाय. ती म्हणाली, ऑनलाइनचा नुसता कागद घेऊ नकोस, पुण्यातला महिन्याचा कर; तिथे आपण शिकवतो आणि मागे बसून कोणीतरी आपल्या चुका काढतं. पण पुण्यात जागा होती ती थेट सप्टेंबरातच. म्हणजे कोर्स केला की यंदाचं जाणं गेलं. आणि सत्तावीस वर्षांच्या मुलीचं पुढचं वर्ष आमच्याकडे कोणी मोकळं ठेवत नाही. स्थळं यायला लागली होती.

मन तर केव्हाच पोचलं होतं. फळ्यावर तारीख घालताना हात सप्टेंबर लिहून मोकळा व्हायचा. भाजी घेताना त्या शाळेच्या गावाचं नाव मनात घोळायचं. एवढं हवंसं आजवर काही वाटलं नव्हतं, आणि त्याचाच मला राग यायचा.

शेवटी आईला विचारलं. आमच्याकडे भातलावणी इर्जिकीवर चालते. आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या. नवखी मुलगी मात्र आधी घरच्याच खाचरात लावणी करते, मग तिला दुसऱ्यांकडे पाठवतात. मी हट्टाने पहिल्याच वर्षी शेजारच्या दत्तोबा आबांच्या खाचरात उतरले आणि रोपं वरवर खोचली. दुसऱ्या दिवशी ती पाण्यावर तरंगत होती. आईने एकटीने सगळी पुन्हा लावली. आता तिने नेमकं तेच काढलं.

“दुसऱ्याच्या खाचरात शिकायचं नसतं. तिथल्या पोरांचं बी वरीस जातंय. आदी कोर्स कर, मग जा.”

मी फोनवर कोर्सचा फॉर्म उघडला आणि नाव भरायला घेतलं. आई पिठाची परात घेऊन बसली आणि एकदम बोलकी झाली. गौरींना कोणती साडी नेसवायची, दिवाळीत फराळाला मी आहे तर करंज्या जास्त करायच्या, थंडीत मावशीकडे दोघींनी जायचं. तिचा नोव्हेंबरपर्यंतचा बेत ठरलासुद्धा.

मी फोन खाली ठेवला. “आई, तुला कोर्स पायजे का मी हितं पायजे?”

तिने पिठावर पाण्याचा हबका मारला.

“कोर्समधलं मला काय कळतंय? तेवढंच एक वरीस तू हितं ऱ्हाशील, म्हनलं.” मग वर न बघताच म्हणाली, “औंदाच जा, सृष्टी. म्होरल्या वर्साला मी आनिक कायतरी काढीन.”

मला तिचा राग आला, आणि तिच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटलं. पण खाचराचं तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मेल लिहिला: यंदाच येते. प्रमाणपत्र नाही. पहिले दोन आठवडे मला वर्ग देऊ नका, तुमच्या शिक्षकांच्या वर्गात मागे बसू द्या. नंतर माझ्या वर्गात मागे कोणीतरी बसा आणि चुकले की सांगा.

मेल गेला. आई हातभर अंतरावर भाकरी थापत होती, आणि मला तिची आठवण यायला लागली.