खारट कणीक

बाई दुकानात शिरल्या की स्टेशनरीवाला फळीवरच्या पेट्या खाली काढून त्यांच्यासमोर मांडायचा आणि स्वतः मागे सरायचा. रंग नुसते दाखवून बाईंचं भागत नाही, हे त्याला एव्हाना पाठ झालं होतं. त्या पेटी उघडून आधी नाकाला लावायच्या. रंगीत खडू नखाने खरवडून तो चुरा जिभेच्या टोकावर ठेवायच्या. कात्रीची धार स्वतःच्या अंगठ्यावर ओढून बघायच्या. मणी, बटणं, चिकटवायचे डोळे यांच्या वाटेलाच जायच्या नाहीत. चमकी नको, डोळ्यांत जाते. बाटलीतला गोंद नको, वास डोक्यात चढतो.

"बाई, तुम्ही रंग घ्यायला येता की जेवायला?" दुकानदार एकदा हसत म्हणाला.

"चार वर्षांचं पोर हातात आलेली वस्तू आधी तोंडात घालतं," बाई म्हणाल्या. "त्याच्या आधी मी घातलेली बरी."

राहत्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत त्यांचा बालवर्ग भरायचा. सकाळचे दोन तास, अठरा-वीस मुलं, बुटकी टेबलं, आणि हाताखाली काकू. काकू त्यांच्या नात्यातल्या नव्हत्या, पण मुलांची नाकं पुसण्यापासून फरशी पुसण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे होतं. वर्गात डबा आणायची मनाई होती. पूर्वी डबे असत. मग एकाने दुसऱ्याचं खाल्लं म्हणून मारामारी झाली, एकाच्या घशात शेंगदाणा अडकला आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला. दोन तासांत कोणी उपाशी मरत नाही, घरून खाऊन या, इथे फक्त पाण्याची बाटली.

चिकटवायला काकू पिठाची खळ शिजवायच्या. आणि खेळायला दुकानातल्या रंगीत मातीच्या कांड्यांऐवजी बाई घरीच कणीक मळायच्या. थोडं तेल, टिकावी म्हणून जरासं मीठ, लाल रंगाला बिटाचा रस, हिरव्याला पालकाचा. मुलांच्या आईवडिलांची बैठक असली की त्या हा गोळा हातात घेऊन अभिमानाने सांगायच्या, "पोटात गेली तरी काही बिघडायचं नाही."

मुंगी वर्षाच्या मध्यावर आली. अंगाने किडकिडीत, अंगात मोठा ढगळ स्वेटर, आणि काही ना काही मुठीत धरून लगबगीने इकडून तिकडे जाणारी. काकूंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मुंगी पाडलं आणि तेच चिकटलं. वडील तिला आणून सोडायचे. गोदामात रात्रपाळी करून आलेला माणूस, डोळे लाल, दाढी वाढलेली. तिला दारात उभी करायचे, डोक्यावरून हात फिरवायचे आणि झोपायला जायचे. आई कधी दिसली नाही. "तिची तब्येत बरी नसते," एवढंच ते म्हणाले होते. बाईंनी खोदून विचारलं नाही. लोकांच्या घरातली चौकशी करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पहिल्यांदा काकूंच्या लक्षात आलं ते खळीचं. मुंगी कागदाला खळ लावायच्या आधी बोट चाटायची. मग कागदाला लावून झाल्यावरही चाटायची. बाई हसल्या. सगळीच पोरं चाटतात. पुढे कणकेचे गोळे कमी व्हायला लागले. दर मुलाला लिंबाएवढा गोळा मिळायचा, खेळून झालं की सगळे पातेल्यात परत. मुंगीचा गोळा परत येईपर्यंत सुपारीएवढा झालेला असायचा.

"मुंगे, बाकीची कुठे गेली?"

मुंगी ओठ घट्ट मिटून बाईंकडे बघत राहायची. ओठांच्या कडेला बिटाचा लाल डाग.

"जंत झालेत," काकू म्हणाल्या. "माझा धाकटा भिंतीचा चुना खायचा, तोही असाच."

बाईंनाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांना दारातच गाठलं. "तिला माती-कणीक खायची सवय लागलीय. जंताचं औषध देऊन बघा."

"देतो," ते म्हणाले. त्यांनी दिलंही. आठवडाभर वाट पाहून बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी खिशातून औषधाचं रिकामं पाकीट काढून दाखवलं, शाळेतल्या मुलाने गृहपाठ दाखवावा तसं.

पण मुंगीचं खाणं थांबलं नाही, उलट वाढलं. आता ती शेजारच्या मुलाच्या गोळ्यातलंही तोडायची. एका आईची तक्रार आली. माझ्या मुलाला खेळायला काही उरतच नाही, तो रडत घरी येतो. बाईंनी डोकं चालवलं. दुकानातली माती आणली तर ती ही पोर खाणार, आणि त्या मातीत काय काय असतं देव जाणे. कणीक बंद करावी तर सगळ्यांनाच शिक्षा. त्यापेक्षा कणीकच अशी करावी की तोंडात घातली तर थुंकून टाकावी लागेल. त्यांनी मीठ वाढवलं. आधी दुप्पट. मुंगीने तोंड वाकडं केलं, घटाघटा पाणी प्यायली आणि पुन्हा खाल्ली. मग बाईंनी मूठभरून मीठ घातलं. त्यांच्या बोटांना चिरा होत्या, त्या मळताना झोंबल्या. कण जिभेला लावून बघितला आणि चूळ भरली.

"आता बघते कशी खाते," त्या काकूंना म्हणाल्या.

तो शनिवार होता. मुंगीने गोळा तोंडाजवळ नेला, खाली ठेवला, पुन्हा हातात घेतला. नंतर ती निमूटपणे खेळत बसली. बाईंना हायसं वाटलं. वर्ग सुटल्यावर पातेलं बरंच रिकामं दिसलं, पण तेव्हा दारात चार आया एकदम बोलत होत्या आणि बाईंच्या मनातून ते निघून गेलं.

रविवारी संध्याकाळी फोन आला. मुंगीचे वडील होते. आवाज ओळखू येत नव्हता.

"बाई, तिला झटके येतायत. आम्ही दवाखान्यात आहोत. डॉक्टर विचारतायत काय खाल्लं. तिच्या स्वेटरच्या खिशात लाल लाल काहीतरी चिकटलंय. ते तुमच्याकडचं आहे का?"

बाई तशाच चपला अडकवून निघाल्या.

मुलांच्या विभागात एका उंच खाटेवर मुंगी पडली होती. स्वेटर काढलेला होता. त्या स्वेटरच्या आत एवढंसंच पोर होतं, हे बाईंनी पहिल्यांदा पाहिलं. बरगड्या मोजून घ्याव्यात. दंड बाईंच्या दोन बोटांत मावेल असा. ओठ फुटलेले, डोळे अर्धवट उघडे पण कोणाकडे बघत नव्हते.

डॉक्टर तरुण होती. हातात रक्ताचा अहवाल. "रक्तात मीठ भयंकर वाढलंय. एवढं कुठून आलं ते मला कळलं पाहिजे. साधी कणीक खाऊन असं होत नाही."

वडील बाईंकडे बघत होते. नुसतं 'कणीकच होती' म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. एक क्षणभर त्यांच्या मनात ते आलंही.

"मीठ मी घातलं होतं," त्या म्हणाल्या. "मुद्दाम. तिने खाऊ नये म्हणून. मूठभरून."

"किती खाल्ली असेल?"

"पातेलं जवळजवळ रिकामं होतं. खिशात भरून घरी नेली असेल."

डॉक्टरने मान हलवली आणि परिचारिकेला काहीतरी सांगितलं. मग ती वडिलांकडे वळली. "पाणी हळूहळूच द्यावं लागेल, घाई केली तर मेंदूला सूज येते. पण मला दुसरंच विचारायचंय. हे पोर किती दिवस जेवलेलं नाही?"

"जेवते की," वडील म्हणाले. "रोज जेवते. मी रोज विचारतो बायकोला."

डॉक्टरने मुंगीची चादर छातीपर्यंत वर ओढली.

थोड्या वेळाने वडिलांनी बाईंच्या हातात घराची किल्ली दिली. मुंगीचे कपडे हवे होते आणि त्यांना खाटेजवळून हलवत नव्हतं. ते रागावले नव्हते. ते रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

घर दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता. बाईंनी चाचपडत बटण दाबलं. आतल्या खोलीत पलंगावर मुंगीची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांच्या जटा झालेल्या. पलंगाशेजारी एक पाळणा होता, त्यात घडी घातलेल्या दुपट्यांचा गठ्ठा. बाईंना मागून कळलं, थंडीच्या सुरुवातीला दुसरं मूल झालं ते मेलेलंच, आणि तेव्हापासून ही बाई उठलीच नव्हती.

कपडे शोधताना त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर धुळीचा थर. पिठाच्या डब्यात किडे आणि जाळी. खाली कोपऱ्यात बिस्किटांच्या पुड्यांचे कागद, सगळे चाटून स्वच्छ केलेले. आणि मोरीच्या उंबऱ्यापाशी एक स्टीलची वाटी, तिच्या तळाला लाल कणकेचा पोपडा. पाण्यात कालवून खाल्ली होती.

आतून आवाज आला. "कोण आहे?"

"मी वर्गातली बाई."

मग आई म्हणाली, "ती जेवली का?"

बाई दाराला धरून उभ्या राहिल्या.

"मी रोज विचारते तिला," आई भिंतीशीच बोलत होती. "पोरगी संध्याकाळी येऊन इथे माझ्या पाठीशी पडते. मी विचारते, जेवलीस का गं? ती हो म्हणते. मला वाटतं ह्यांनी घातलं असेल. मला उठवतच नाही हो. मी विचारते पण. रोज विचारते."

तो माणूस गोदामाच्या उपाहारगृहात जेवायचा. घरी येऊन झोपायचा, उठून बायकोला विचारायचा, पोर जेवली का, आणि ती म्हणायची, हो. पोरीच्या आईने विचारलं होतं, बापाने विचारलं होतं. विचारलं नव्हतं ते फक्त बाईंनी.

त्यांनी दोन फ्रॉक पिशवीत भरले. मग पलंगाच्या कडेला बसून आईला काय झालंय ते सांगितलं. आईने हंबरडा फोडला नाही. ती उठून बसायचा प्रयत्न करत राहिली आणि तिला ते जमत नव्हतं. बाईंनी तिला काखेत हात घालून उभं केलं, चेहरा धुतला, शाल गुंडाळली आणि दवाखान्यात नेलं.

मुंगी जगली. पण डोक्यात आत रक्तस्राव झाला होता. शुद्धीवर आली तेव्हा तिचा उजवा हात तिच्या कह्यात नव्हता, आणि शब्द तोंडाशी येऊन अडकायचे. कदाचित सुधारेल, डॉक्टर म्हणाली. लहान आहे. तिने 'कदाचित' वर दिलेला जोर बाईंना ऐकू आला.

पोलीस चौकशीला आले, बाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. वडिलांनी तक्रार केली नाही. "कोणाच्या नावाने करू?" ते म्हणाले. "सुरुवात माझ्यापासून करावी लागेल." निम्मी मुलं त्याच आठवड्यात वर्ग सोडून गेली. कोणी भांडलं नाही. त्यांचे आईबाप रस्त्यात भेटले की दुसऱ्या बाजूला वळायचे, इतकंच. काकूंनी मात्र काम सोडलं नाही. जंताची गोष्ट आठवली की त्या फरशी पुसता पुसता थांबायच्या आणि फडकं तसंच हातात धरून बसायच्या. उरलेल्या मुलांना आल्या आल्या खायला द्यायचं, असं दोघींनी ठरवलं. मुलं खायची तेव्हा बाई समोर बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायच्या, इतकं टक लावून की एक मुलगा घाबरून रडला.

मुंगीला तिची मावशी आपल्या गावी घेऊन गेली. बाई एकदा तिकडे जाऊन आल्या. मुंगीच्या गालांवर रंग आला होता, पण ती डाव्या हाताने भरभर खायची आणि घास गालात साठवून ठेवायची. "भूक लागली का विचारलं तर नाही म्हणते," मावशी म्हणाली. "म्हणून मी विचारतच नाही. ताट वाढून समोर ठेवते." मुंगीने बाईंकडे एकदा पाहिलं. ओळखलं की नाही, कळलं नाही. जेवण झाल्यावर ती ताटापाशीच झोपून गेली, आणि बाई तिला न उठवता निघाल्या.

आईवर उपचार सुरू झाले होते. कधी उठायची, कधी आठवडा आठवडा नाही. एक दिवस मुंगीचे वडील वर्गाच्या दारात उभे राहिले. "तिला तुमच्याशी बोलायचंय. येता का?"

बाई गेल्या. आई खुर्चीवर बसली होती. केस कोणीतरी कापून लहान केले होते. पाळणा खोलीत नव्हता. आता ही काय बोलेल ते ऐकायचं, अशी मनाची तयारी करून बाई समोर बसल्या.

"तिला तुमच्याकडे आवडायचं का?" आईने विचारलं.

"हो."

"काय करायची? मी कधी आलेच नाही बघायला."

बाई सांगू लागल्या. मुंगी कणकेच्या पातळ चकत्या करायची, एकसारख्या, कडा बोटाने दाबून. त्या कागदाच्या ताटल्यांत मांडायची आणि टेबलाभोवती फिरून एकेका मुलासमोर ठेवायची. कोणी नको म्हटलं तर तिथेच उभी राहायची. म्हणायची, थोडं तरी घे.

आई ऐकत होती. हात मांडीवर, तळवे वर.

"पुन्हा सांगता?" ती म्हणाली.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.