बाबल्याची नवी पिसं

आमच्या घरात पंखा आला आणि पोपटाचे पंख गेले. गिरणीच्या संपानंतर माझे सासरे, म्हणजे अण्णा, कायमचे घरी बसले होते आणि त्यांचा सगळा जीव त्या पोपटात. नाव बाबल्या. पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडं. बाबल्या मोरीच्या भिंतीवरून फडताळावर आणि फडताळावरून थेट माझ्या कणकेच्या परातीत. दशरथने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, छताला पंखा बसवला आणि अण्णांना घाम फुटला. पोपट पात्यात सापडला तर? दिवसा पंखा बंद ठेवावा हे काही त्यांना सुचलं नाही. त्यांनी दाढी करायला येणाऱ्या सीतारामला धरलं, आणि त्याने केस कापायच्या कात्रीने बाबल्याच्या दोन्ही पंखांची लांब पिसं अर्ध्यावर छाटली.

"घाबरू नका अण्णा," सीताराम म्हणाला, "महिन्या-दीड महिन्यात वाढतात. केसच ते."

केस! आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई, सुंदराबाई, शिमगा करून गावाहून परतल्या. पाठोपाठ दशरथला आमच्या चाळीजवळच्याच एका औषधाच्या कंपनीत नोकरी लागली. गिरणी सुटल्यापासून तोही मिळेल ते काम करत होता, त्यामुळे घरात दिवाळीच. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, डोळे पुसले आणि पिंजऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आता ह्येका सोडूक व्हयो."

"कोणाक?" अण्णांनी विचारलं.

"बाबल्याक."

मग सगळा प्रकार बाहेर आला. त्यांच्या गावी शिमग्याला गावकार, म्हणजे गावचा मानकरी, देवापुढे गाऱ्हाणं घालतो. ज्याचं जे मागणं असेल ते मोठ्याने सांगतो आणि जमलेला गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. सासूबाईंनी त्याला सांगायला लावलं होतं की झिलाला, म्हणजे मुलाला, नोकरी लागू दे, घरात कोंडलेला जीव मोकळा करीन. गावाने होकार भरला होता. आता तो शब्द काही दुकानात साडी बदलून आणावी तसा बदलता येणार नव्हता. आणि अण्णा गावाला गेले नव्हते, कारण पोपटाकडे कोण बघणार?

"माका इचारलंस?" अण्णा उसळले. "पोपट माझो, नवस तुझो!"

"झिलापरास तुमका पोपट मोठो?" म्हणत सासूबाईंनी बाबल्याला उचललं, पंख उलगडून बघितला आणि किंचाळल्याच. "अगो बाय! ह्या काय केल्यात?"

तशा पोपटाला बाहेर सोडलं असतं तर चाळीतल्या बोक्यांनी संध्याकाळच्या आत निकाल लावला असता. म्हणजे पिसं येईपर्यंत थांबणं आलं. सासूबाईंचा जीव टांगणीला, कारण दशरथ अजून पर्मनंट झाला नव्हता आणि देव रागावला तर पहिली गदा तिथेच येणार. अण्णा मात्र खूश. चार घास जास्तच जेवले.

माझं माहेर वाकोल्याचं. मला मालवणी कळते सगळी, पण भांडणात माझी मुंबईची जीभच बरी. मी म्हटलं, "आई, वाढतील ना, केसच आहेत." हे बोलले आणि फसले. केस म्हटल्यावर केसांचे उपाय सुरू झाले. शेजारच्या वनमालाने माक्याचं तेल दिलं. कोणी जास्वंद सांगितली, कोणी कांद्याचा रस. सासूबाईंनी बाबल्याला मांडीवर घेऊन इतकं तेल चोपडलं, की तो भज्यासारखा दिसायला लागला. चिडून तो दशरथच्या नव्या कोऱ्या शर्टावर जाऊन बसला. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी बाबल्याला पिशवीत घातलं, अण्णांना पुढे घातलं आणि गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्या आधी हसल्या, मग तेल बघून भडकल्या. "कापलेलं पीस वाढत नसतं हो! ते कधीतरी मुळासकट गळतं, तेव्हा त्या जागी नवीन येतं. आणि नवीन येईल तेव्हा जपा. कोवळ्या पिसात रक्त असतं, धक्का लागला तर वाहतं."

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"दिवस नाही, महिने. एकदम सगळी गळत नाहीत."

येताना अण्णांनी मला गरमागरम बटाटेवडा खाऊ घातला. वाटेत पुन्हा पुन्हा विचारत होते, "महिने म्हणाली ना गो ती? महिने?"

पावसाळा लागला. सासूबाई रोज सकाळी पिंजऱ्याचा तळ चाचपायच्या, कापलेल्या पिसाचा खुंट गळला का बघायला. तिथे काहीच नसायचं, आणि तेल चोपडल्यापासून बाबल्या त्यांना पंखाला हात लावू देत नव्हता. त्या हिरमुसून देवासमोर बसायच्या आणि पुटपुटायच्या, "म्हाराजा, रागावलंस काय?" मला मात्र वेगळाच संशय येत होता. आयुष्यात स्वतःचं ताटसुद्धा न उचललेले अण्णा हल्ली पहाटे उठून पिंजरा झाडत होते. एकदा धुवायला काढलेल्या त्यांच्या कोटाच्या खिशात माझ्या हाताला काहीतरी टोचलं. अर्धी कापलेली पिसं, मुळासकट. मी ती गुपचूप परत ठेवली. रागही आला आणि दयाही आली. सून म्हणून कोणाच्या बाजूने बोलायचं तेच मला कळेना.

एका रविवारी सासूबाई मासळी आणायला गेल्या, आणि अण्णांनी सीतारामला हाक मारली. दाढी कालच झाली होती. मी मोरीत भांडी घासत होते, तिथूनच सगळं दिसत होतं. अण्णांनी बाबल्याला मांडीवर घेतलं, पंख उलगडला आणि म्हणाले, "परत काप." मी हातातली कढई खाली ठेवली. म्हटलं, आता बोलायचंच.

पण अण्णाच थांबले होते. पंखात हिरवीगार लांब पिसं आली होती आणि मधेच एक कोवळं, निळसर वेष्टणातलं, टोकाला जेमतेम फुटलेलं. अण्णांनी ते उजेडाकडे धरलं. बाबल्याने त्यांचं बोट चोचीत धरलं होतं, पण चावत नव्हता.

"ह्यात रगात हा," अण्णा हळूच म्हणाले. "जिता हा रे ह्या."

"मग नुसती टोकं घेतो," सीताराम म्हणाला.

"नको. माझी दाढी कर."

"अण्णा, काल तर केली!"

"परत कर!"

सीतारामने साबण लावला. फेसाच्या वर अण्णांचे डोळे भरले होते. मला इतकं भरून आलं, की मी नळ मोठा सोडला.

सासूबाई परतल्या तेव्हा अण्णांनी खिशातली सगळी पिसं त्यांच्या पुढ्यात ठेवली. आता वाट लागली, मी मनात म्हटलं. पण सासूबाई मासळी साफ करायला बसल्या. त्यांनी आणलेल्या बांगड्यांतला मोठा तुकडा अण्णांच्या ताटात पडला, एवढंच.

त्या दिवसापासून अण्णा बाबल्याचे मास्तर झाले. सकाळी त्याला हातावर घेऊन हात खाली-वर करायचे, म्हणजे पंख फडफडवावेच लागत. पहिल्यांदा तो भिंतीवर आदळला. नंतर दशरथच्या डोक्यावर, मग एकदा आमटीत. दिवाळीपर्यंत तो खोलीभर गिरक्या घ्यायला लागला, आणि दिवसभर बंद राहिला तो पंखा. दशरथही तोवर पर्मनंट झाला.

मग सासूबाईंनी गॅलरीत नारळ ठेवला आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं. आम्ही घरच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. बाबल्या अण्णांच्या हातावरून उडाला आणि सासूबाईंच्या खांद्यावर जाऊन बसला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना रडूच फुटलं.

"आजचो दिस रवांदे," त्या म्हणाल्या. "उद्या सोडूया."

"नाय," अण्णा म्हणाले. "पाख इलेत. आता धरून ठेवूचा नाय." त्यांनी बाबल्याला परत हातावर घेतलं आणि हात उंच केला.

बाबल्या आधी कठड्याखाली गेला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो घरांच्या पत्र्यांवरून पलीकडच्या डोंगराकडे चालला होता, सरळ, कुठेही न डगमगता.

संध्याकाळी समोरच्या शिरीषाच्या झाडावर रोजचा पोपटांचा थवा उतरला. सगळे कलकलाट करत एकदम उठले, चाळीला एक फेरा घातला. सासूबाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. "खयचो गे तो आपलो?" त्यांनी मला विचारलं. मला काय दिसणार? मी अण्णांकडे बघितलं.

अण्णा डोळ्यांवर हात धरून बघत राहिले, थवा डोंगरामागे जाईपर्यंत. मग ते इतके मोठ्याने हसले की वनमाला बाहेर आली.

"वळखाक येणा नाय गो," ते म्हणाले. "सगळे सारखेच उडतत."