अकरा चाळीसची नोंद

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही. म्हणून बोरिवलीच्या त्या सेंटरमध्ये आईने कानातली, जोडवी, बांगड्या आणि शेवटी मंगळसूत्र काढून माझ्या रुमालात ठेवलं. "सांभाळ गो," म्हणाली. तिचा गळा इतका मोकळा मी पहिल्यांदाच पाहिला.

तीन महिने मी एका वहीत तिच्या विसरण्याच्या नोंदी ठेवत होते: तारीख, वेळ, काय घडलं. एमएस्सीत लागलेली सवय. आमटीत दोनदा मीठ, असं चार वेळा. चारकोपला आमच्याच सेक्टरमध्ये रस्ता चुकली, एकदा. बाबांकडे प्रत्येकाचं कारण तयार असे. "वय झालं तिचं, अपूर्वा. वही कसली लिहितेस? पोलीस आहेस?" रिपोर्ट साफ आला तर वही फेकून देईन, असं मी कबूल केलं होतं.

पाऊण तासाने आई बाहेर आली. बाबा खाली चहा आणायला गेले होते. तिने गळ्याला हात लावला, मग दोन्ही मनगटांना. भिंतीला टेकून ती जमिनीवर बसली.

"कधी गेले गो ते? माका कोणी सांगूक कसा नाय?"

ती कोणाबद्दल बोलतेय, हे कळायला मला वेळ लागला. मी रुमाल उघडते तोच बाबा चहा घेऊन आले.

"काय झाला गो प्रेमा? खाली कित्याक बसलंस?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली. "मस्करी केलंय. अपूक घाबरवलंय."

"बघ! डोकं शाबूत आहे हिचं," बाबा मला म्हणाले.

मी मंगळसूत्र घालत असताना ती पुटपुटली, "त्यांका सांगू नको."

दुपारी डॉक्टरबाईंनी पडद्यावर तिच्या मेंदूचं चित्र दाखवलं. आठवणी साठवायला मदत करणारा भाग, हिप्पोकॅम्पस, वयाच्या मानाने दोन्हीकडे बारीक झाला होता. त्याच्या कडेला काळी फट दिसत होती.

"नुसत्या चित्रावरून मी आजाराचं नाव घेत नाही," त्या म्हणाल्या. "घरी काही वेगळं जाणवतं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "आज तर मस्करी केली हिने."

टेबलाखाली आईने माझी बोटं घट्ट धरली. ती सोडवल्याशिवाय वही उघडता येणार नव्हती. मी एकेक बोट सोडवलं.

शेवटची नोंद अजून लिहिलेली नव्हती, पण वेळ मी पाहिली होती.

"आज," मी म्हणाले, "अकरा चाळीस."