साहेबाची काठी

मिशनरी साहेब बोटीत बसून मायदेशी गेला, तेव्हा त्याची काठी गावच्या चर्चमध्ये खिळ्याला टांगलेली राहिली. बाहत्तर साली त्याला साठ वर्षं झाली. गावात कुणी बाळंत व्हायची असली की काठी तिच्या उशाशी जायची आणि बारसं झालं की परत खिळ्यावर.

त्याच सालच्या दुष्काळात नगरहून रेव्हरंड जॉर्ज साळवे ती काठी जप्त करायला आले. आपल्या मंडळीत ‘रेलिक’, म्हणजे संतांच्या अवशेषांची पूजा, चालत नाही, असं वरून पत्र होतं. नेमक्या त्याच सकाळी मरियाबाईच्या सुनेला कळा सुरू झालेल्या. मरियाबाई काठीसाठी दारात उभी.

काठीच्या बाजूने बोलायला आलेले निवृत्त हेडमास्तर आमोस भिंगारदिवे निश्चिंत होते. त्यांच्याकडे साहेबाचाच जाडजूड शब्दकोश होता आणि त्याच्या जोरावर ते आजवर एकही वाद हरले नव्हते.

“लॅटिन शब्द,” मास्तरांनी बोट ठेवलं. “मूळ अर्थ, मागे उरलेलं. संतांची हाडं न् कपडे नंतर चिकटले. पूजेचा मुळात संबंधच नाही. साहेब गेले, काठी मागे उरली. इतकं साधं आहे.”

“म्हणजे ही रेलिकच,” साळवे म्हणाले.

“अगदी मुळापासून,” मास्तर ठासून म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

साळव्यांनी काठी काखेत मारली.

“न्या की,” मरियाबाई म्हणाली. “पन साहेबाची म्हनून नका नेऊ. त्याची वाळवीनं खाल्ली. दुसरी सासऱ्यांनी केल्ती, ती सापावर मोडली. ही आमच्या मालकांनी तासलेली हाय.”

साळव्यांनी काठी उजेडात धरली. गावठी बाभूळ होती.

“इतकी वर्षं बोलली नाहीस ती?” मास्तर.

“इचारलं कुनी?”

काठीत साहेबाचं काहीच उरलेलं नव्हतं, म्हणजे शब्दकोशाप्रमाणे ही रेलिक नव्हे. साळव्यांनी तसं पत्राच्या पाठीवर लिहिलं, काठी बाकावर ठेवली आणि दुपारची एस.टी. गाठली.

मॅट्रिकच्या परीक्षेआधी मास्तरांनीही ती कपाळाला लावली होती. ती दुसरी होती की तिसरी, हे विचारायचं त्यांनी टाळलं.

“द्या मास्तर, पोरगी अडलीय तिकडं.”

मास्तरांनी काठी रुमालाने पुसली आणि दोन्ही हातांनी दिली.

“जपून ने,” ते म्हणाले. “एवढी एकच उरलीय.”