नान्जिपोचा भोंगा

आमच्या नान्जिपोत धुकं आलं की भोंगा वाजायचा. धक्क्याच्या टोकाला लोखंडी खांब होता, त्यावर तो बसवलेला. किनाऱ्यावर ज्याच्या आधी लक्षात येईल त्याने बटण दाबायचं आणि ओहोटीला चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपले, वेचायला गेलेली शेवटची बाई बांधावर चढेपर्यंत थांबायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा तो वाजला आणि माझ्या हातून भाताचं पातेलं पडलं होतं. सासूबाई ओरडल्या नाहीत. "वाजतोय तोवर घाबरायचं नाही," एवढंच म्हणाल्या.

देशावर पैशाचं संकट आलं आणि कारखाने बंद पडले, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. इंचनला, सोलला गेलेली पोरं परत येऊन बापाच्या घरी दिवसभर पडून राहायला लागली होती. अशात जिल्ह्याच्या कचेरीतून निरोप आला, की फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या किनारी गावांची एक माहितीपुस्तिका काढायची आहे, फिरायला येणाऱ्यांसाठी आणि पैसे घालणाऱ्यांसाठी. गावप्रमुख होते माझे थोरले दीर, मेंग ग्योंग-सिक. त्यांना तर झोपच येईना. त्यांचा स्वतःचा मुलगाही बूट कारखान्यातून घरी बसला होता, ते मला दिसत होतं. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता.

कचेरीच्या छायाचित्रकाराने काढलेले पहिले फोटो आले आणि भाऊजींचं तोंड उतरलं. प्रत्येक फोटोत तो खांब होता.

"हे बघून वाटतं, आत्ता विमानं येऊन बॉम्ब टाकणार आहेत," ते गावाच्या बैठकीत म्हणाले. "असल्या गावात कोण पैसे घालील? तिथे छान लाकडी सज्जा करू. बाकं ठेवू. माणसं बसून सूर्यास्त बघतील."

पिल-न्यो आजी आमच्यातली सगळ्यात म्हातारी. तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "आणि आम्ही चिखलात असू, तेव्हा तुझा सूर्यास्त हाका मारणार का आम्हाला?"

"आजी, भोंगा मोडीत काढत नाहीये मी. फक्त हलवतोय. सभागृहाच्या छतावर बसवतो. तिथून तर आणखी मोठा ऐकू येईल."

खांब कापला गेला. सज्जा झाला, वार्निशचा वास गावभर पसरला. भोंगा सभागृहाच्या कोठीत पोत्याखाली जाऊन पडला, कारण तारा ओढणारा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता. तो पुढचा आठवडा काही उगवला नाही.

पुस्तिकेचा मजकूर लिहायला ताक येन-जू नावाची मुलगी आली. तिशीच्या आतली, बारीक, सतत सर्दी झाल्यासारखी. माझ्या घरी पाहुण्यांच्या दोन खोल्या आहेत, त्यातली एक तिने घेतली. आमचे हे खेकड्यांच्या बोटीवर, महिना महिना बाहेर. मला सोबत झाली. ती मला मावशी म्हणायची आणि कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरातच बसायची. जाऊबाई, म्हणजे भाऊजींची बायको ओक-बून, रोज डोकावायची, तिच्यासमोर ताज्या तिसऱ्यांच्या साराचं भांडं आदळायची आणि म्हणायची, "खा गं आधी. एवढ्याशा अंगातून गावभर शब्द कुठून काढणार तू?"

जाऊबाई अशीच होती. माझ्या जिनच्या बाळंतपणात महिनाभर समुद्री शेवाळाचं सार तिने करून घातलं, माझ्या सख्ख्या आईने केलं नसतं इतकं. हसायला लागली की बांधावरची माणसं वळून बघायची.

एका संध्याकाळी मी येन-जूला म्हटलं, "वाच की, काय लिहिलंस ते."

तिने वाचलं. गावचा देवदार, मिठागरं, कोळंबीची चव, आणि मग: ओहोटीच्या वेळी कुटुंबासह चिखलावर हवं तितकं लांब चालत जावं.

"हे कुणी सांगितलं?"

"गावप्रमुखांनी."

"आणि चराचं?"

"कसला चर, मावशी?"

मी तिला खिडकीशी नेलं आणि दाखवलं. धक्क्यापासून आमच्या तिसऱ्यांच्या जागेपर्यंत वाळूची घट्ट वाट जाते. तिच्या दक्षिणेला, पाइनच्या टेकडीखाली, मोठा चर आहे. ओहोटीला तो कोरडा दिसतो, पोरंसुद्धा उतरून जातील. पण भरती फिरली की पाणी आधी त्या चरातून शिरतं, तुमच्या पाठीमागून. समोर समुद्र अजून लांब असतो आणि मागे परतायची वाट गेलेली असते. माझ्या आठवणीत दोघं तिथे बुडून गेली होती.

येन-जूने ते सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी त्यावर रेघ मारली. "भीती वाटेल असं काही नको म्हणाले," ती मला म्हणाली आणि नाक पुसत खाली बघत राहिली. "मी पुन्हा सांगून बघते, मावशी."

त्यानंतर वारा बदलला. रोज सकाळी तो दक्षिणेकडून यायचा, कोमट आणि दमट, पण पाणी अजून हिवाळ्याइतकं थंड होतं. असलं जमलं की धुकं येतं, आम्हाला बरं वाटत नाही. वाळत घातलेले मासे वाळेनात. पिल-न्यो आजी दोनदा सभागृहात जाऊन भाऊजींना भोंग्याचं बोलून आली. "उद्या," ते म्हणाले. "पाहुणा येऊन जाऊ दे, मग पहिलं काम तेच."

पाहुणा म्हणजे इंचनचे बोंग साहेब. टेकडीच्या पायथ्याशी त्यांना हॉटेल बांधायचं होतं. ते आले त्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन होतं. आम्ही सातजणी खुरपी आणि जाळीच्या पिशव्या घेऊन चिखलात उतरलो. बांधावरून येन-जूने आमचा फोटो काढला. तिची छोटी गाडी टेकडीखाली नव्याने केलेल्या गाड्यांच्या जागेत उभी होती, कारण धक्क्यापर्यंत रस्ता नव्हता.

तिसऱ्या भरपूर होत्या. वाकून वाकून कंबर मोडली तरी तोंडं चालूच.

"हॉटेल झालं की ओक-बून मालकीण होणार," कुणीतरी म्हणालं. "नखं रंगवून गल्ल्यावर बसेल."

"बसेन की!" जाऊबाई म्हणाली. "आणि तुम्हाला सगळ्यांना चादरी धुवायला ठेवीन. जिनच्या आईला सोडून. तिला इस्त्री येत नाही."

हसता हसता मी मान वर केली तर बगळे उडत नव्हते. सगळे चिखलावर बसले होते, एकाच दिशेला तोंड करून. समुद्राकडची बेटं दिसत नव्हती. बघता बघता आमच्यातल्या पलीकडच्या बायकाही दिसेनाशा झाल्या.

"निघा," पिल-न्यो आजी म्हणाली.

पिशव्या बांधेपर्यंत धुकं अंगावर आलं. हात लांब केला तर खुरपं दिसेना. आम्ही एकमेकींना हाका मारत एका जागी गोळा झालो आणि गप्प उभ्या राहिलो. इतक्या वर्षांची सवय. भोंग्याची वाट बघत होतो आम्ही. तो नाही हे माहीत असूनही कान तिकडेच लागले होते.

काही ऐकू आलं नाही. फक्त चिखलातून हवेचे बुडबुडे फुटल्याचा आवाज. भरती फिरली की तो येतो.

मग गाडीचा हॉर्न वाजला. लांब, न थांबता.

"तो बघा!" जाऊबाई म्हणाली. "यांनीच वाजवला असेल. चला."

"थांब," आजी म्हणाली. "हा धक्क्यावरून नाही येत."

"मग कुठून येतोय? गावातूनच ना? किनारा तिकडेच आहे."

"जाऊबाई, गाडी टेकडीखाली आहे," मी म्हटलं. "येन-जूची. मधे चर आहे."

"अगं, धुक्यात आवाज कुठून येतो ते तुला कळतंय? घरी पाहुणा बसलाय, चूल पेटलेली नाही. यांचा जीव टांगणीला लागला असेल. आणि चर अजून कोरडाच असणार, मी पळत पार करीन."

मी तिची बाही धरली. तिने हात सोडवून घेतला, रागाने नाही; माझ्या गालाला चिखलाचं बोट लावलं आणि म्हणाली, "घाबरट कुठली. सार तयार ठेवते, या तुम्ही."

पाच पावलांत ती दिसेनाशी झाली. थोडा वेळ तिच्या बुटांचा चपचप आवाज आला.

मी तिच्या मागे निघाले होते. आजीने माझी पिशवी मागून अशी ओढली की मी बसलेच. "तू गेलीस तर या सगळ्या तुझ्यामागे येतील," ती म्हणाली. मी ओरडत राहिले, "जाऊबाई! जाऊबाई!" एकदा तिने ओ दिली. मग अचानक हॉर्न थांबला.

तो का थांबला ते मला नंतर कळलं. धुकं आलं तेव्हा भाऊजी बोंग साहेबांबरोबर सज्ज्यावर बसले होते. आधी ते म्हणाले, "आमच्या बायकांना वाट पाठ आहे, काळजी नको." मग आवाज न करता उठले आणि सभागृहाकडे पळाले. भोंगा बाहेर काढला, तारा कुठे जोडायच्या ते कळेना. तेवढ्यात येन-जूला राहवलं नाही. ती गाडीकडे धावली आणि हॉर्न दाबून धरला. तो आवाज टेकडीखालून येतोय हे ऐकताच भाऊजींनी भोंगा तिथेच टाकला. ते तिकडे धावले, दार उघडून तिचा हात बाजूला ओढला. "बंद कर! चरात ओढते आहेस त्यांना!" आणि परत धक्क्याकडे पळाले, गॅसच्या रिकाम्या टाकीवर हातोडा मारत सुटले.

तो ठण ठण आवाज आम्ही ऐकला. वाट पायाखाली घट्ट लागली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं तेव्हा आम्ही वर चढलो. भाऊजी एकेकीचं तोंड जवळ येऊन बघत होते, हातोडा चालूच. सहाजणींची तोंडं पाहून झाली तरी ते माझ्या मागे धुक्यात बघत राहिले.

"ती मागे आहे का?"

 पिल-न्यो आजीने सांगितलं, ती हॉर्नच्या दिशेने गेली.

धुकं दुपार उलटून गेल्यावर उठलं. तेव्हा सगळीकडे पाणीच होतं, चकचकीत आणि शांत. येन-जूने फोटोसाठी निवडलं असतं असं. बोंग साहेब कधी निघून गेले ते कुणी पाहिलं नाही. जाऊबाई शेजारच्या गावच्या, समुद्री शेवाळ वाढवायच्या जाळ्यांत सापडली. कंबरेची पिशवी तशीच होती, तिसऱ्यांनी भरलेली. ती का टाकून दिली नाहीस गं, असं मी तिला न्हाऊ घालताना विचारत होते.

येन-जू अंत्यविधीला आली. माझ्या स्वयंपाकघरात नेहमीच्या जागी बसली, पण भाताला हात लावला नाही. "मावशी, मी हॉर्न वाजवला नसता तर?"

मला तिचा राग येत होता, आणि तिला पोटाशीही धरावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "तू इथली नव्हतीस. तुला सांगणारे सगळे इथलेच होते." तिला यातून बरं वाटलं की वाईट, कोण जाणे. ती गेली. नंतर कळलं, नोकरी सोडली.

महिन्याभराने कचेरीतून माणूस आला. पुस्तिकेतून नान्जिपो वगळायचं का, असं त्याने बैठकीत आदबीने विचारलं. सगळे भाऊजींकडे बघायला लागले. त्यांनी दाढी केली नव्हती, कोटाची बटणं चुकीची लागली होती.

"छापा," ते म्हणाले.

"भाऊजी!"

"छापा म्हटलं ना. नाही छापलं तर ती कशासाठी गेली?"

"मग चराचं लिहा," मी उभी राहिले. "भोंगा आधी बसवा, मग छापा."

"हो, हो, लिहून घ्यायला हवं," असं म्हणून त्या माणसाने खरोखरच काहीतरी लिहून घेतलं. पिल-न्यो आजी जमिनीवर थुंकली आणि बाहेर गेली.

पुस्तिका उन्हाळ्यात आली. गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर सज्जा. चराबद्दल एक शब्द नव्हता. भोंगा छतावर बसवण्याची परवानगी अजून कुठल्यातरी टेबलावर होती. भाऊजी मुलाला घेऊन त्याच्या मामाकडे आन्सानला निघून गेले होते. मी आणि आजीने गॅसची टाकी धक्क्यावर दोरीने टांगून ठेवली होती, तेवढीच आमची तयारी.

शनिवारी माझ्याकडे पहिलं जोडपं आलं. नवीन लग्न झालेलं, देजनचं. रविवारी सकाळी न्याहारीला मी त्यांना मासा तळून दिला. मुलीच्या हातात ती पुस्तिका होती.

"मावशी," तिने विचारलं, "इथे लिहिलंय हवं तितकं लांब जाता येतं. ती बेटं दिसतात ना, तिथपर्यंत जाऊन येऊ का आम्ही?"

मी बाहेर पाहिलं. ऊन होतं. दोरीवरचे कपडे दक्षिणेच्या वाऱ्याने फुगले होते.

"आधी पोटभर खा," मी म्हटलं. मग आत गेले, शेजारच्या पोराला पाठवून आजीला धक्क्यावर टाकीपाशी बसायला सांगितलं, आणि त्यांच्याबरोबर जाण्यासाठी पायात बूट चढवले.